गुडघ्याला बांधलेल्या शिवळा

बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्यानंतरचे एक प्रकरण निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेले नाही. मी तेव्हा जुन्नर तालुक्यातील एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो.

आळेफाट्याच्या एका रुग्णालयातून खबर आली. दुचाकी घसरून महिलेचा गुडघा मोडला होता. नेहमीची नोंद. त्याच दुपारी निनावी फोन आला. "सायब, गाडीवरनं न्हाई पडली ती. घाटात बैल अंगावर गेले." घाट म्हणजे शर्यतीचा चढ.

बाई यात्रेत भेळ विकत. रुग्णालयात त्यांना चुलत दिराने आणले होते. तो गाडामालक. जबाबाच्या वेळी बाई गप्प आणि तोच बोलत होता. "खड्डा व्हता राव, घसरली गाडी."

डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. सांध्यातले हाड बाहेरच्या बाजूने खचले होते. "प्लेट बसवू. पाय टेकायला महिने जातील. गुडघा पूर्ण वाकेल, असा शब्द देत नाही."

येताना पायाला काय बांधले होते, असे मी विचारले. परिचारिकेने पिशवी आणली. गुलाबी फेटा आणि दोन रंगवलेल्या शिवळा, म्हणजे बैलाची मान जुवात अडकवायच्या लाकडी खुंट्या.

"बांधलंय मात्र उत्तम," डॉक्टर म्हणाले.

शिवळा जप्त करून मी मालकाला ठाण्यात बोलावले. शिवळा त्याच्यासमोर टेबलावर ठेवल्या.

"दुचाकीला बैल कधीपासून जुंपता?"

"बैल बाहेर काढायला वहिनीच्या भेळेच्या गाडीपुढचा कठडा मीच हलवला, अन् बैल तिच्या अंगावर गेले. खरं सांगितलं असतं तर घाटाची परवानगी गेली असती."

ठाण्याबाहेर गाव जमले. तक्रार नाही तर गुन्हा कसला, असा सवाल होता. शस्त्रक्रियेनंतर मी पुन्हा जबाबाला गेलो. दीर दारातच उभा होता.

"वहिनी, गावाचा इचार करा."

"गावाचाच करतेय, भावजी. उद्या माझ्या जागी दुसरी कुणी उभी असंल." त्या माझ्याकडे वळल्या. "लिवा सायब. कठडा यांनी काढला."

गुन्हा दाखल झाला. परवानगी गेली नाही. फक्त अटी कडक झाल्या.

गप्प बसलेला जखमी माणूस राजी आहे, असे तपासात धरू नये, एवढे मी या प्रकरणात शिकलो.

पुढच्या यात्रेला मी बंदोबस्तावर होतो. बाईंची भेळेची गाडी त्याच जागी होती. गुडघा अर्धाच वाकत होता, म्हणून त्या दिवसभर उभ्या होत्या. समोर जमिनीत पक्का रोवलेला लोखंडी कठडा होता.

दीर बैल घेऊन आला आणि थबकला.

"काय भावजी," बाई कांदा चिरता चिरता म्हणाल्या, "हलवताय का?"

त्याने बैल लांबून वळवले.