जिथं संध्याकाळ होत नाही

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर एक धडा वाचला. वाचला म्हणजे तिनं. मी समोर बसून चातीवर लोकर कातत होतो. दिवस कलला होता, मेंढरं वाडग्यात घातली होती, भाकरी व्हायच्या होत्या.

"आधी एवढा धडा संपवते," ती म्हणाली.

"त्या पुस्तकातल्या पोरीच्या नादात नवऱ्याला उपाशी मारशील."

"मरा की. एका टायमाला कुणी मरत न्हाई."

धडा संपला. आता पुस्तकात एकच राहिला, सगळ्यात शेवटचा. मी म्हणालो, तोही वाचून टाक. तिनं पानात लोकरीचा धागा घातला आणि परात पुढं ओढली. "उद्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी छातीत कळ आली म्हणाली. मी पाणी आणेपर्यंत गेली. त्यावर मला जास्त सांगायचं नाही.

आमचं गाव पालमच्या बाजूला. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. शाळेतली उर्दू गेली, मराठी आली, आणि मोठ्या माणसांसाठी मारुतीच्या पारावर संध्याकाळचा वर्ग निघाला. एक तरुण गुरुजी शिकवायचे. त्यांच्याकडं पुस्तकांची एक पेटी होती, ती गावोगाव फिरायची. बायको वर्गाला जायला लागली. मी गेलो नाही. मी निजामाच्या शाळेत उर्दू दुसरीपर्यंत शिकलो होतो आणि तेवढ्याचाच मला लय ताठा. परत अ आ गिरवायला मी काय लेकरू होतो?

तिनं पेटीतून हे पुस्तक आणलं तेव्हा मी हातात घेऊन उर्दूच्या सवयीनं मागूनच उघडलं. ती खो खो हसली. "अवो, तिकडून न्हाई! आधी जेवून मग चूल पेटवता व्हय?" मी पुस्तक तिच्या अंगावर टाकलं. परत हातात धरलं नाही. ती वाचायची, मी ऐकायचो.

पुस्तक लेकरांचं होतं. परमुलखातल्या कुणीतरी फार मागं लिहिलेलं, आपल्याकडच्या कुणीतरी मराठीत आणलेलं. एक पोरगी असते. आई तिला सांगते, संध्याकाळच्या आत घरी ये. पोरगी हरवलेल्या कोकरामागं कुंपणाच्या भोकातून पलीकडं जाते. तिथं सूर्य डोक्यावरच थांबलेला. संध्याकाळ होतच नाही. संध्याकाळ नाही म्हणून पोरीला उशीर झालेला नाही, आणि उशीर नाही म्हणून घरचं कुणी तिला शोधायला निघत नाही. तिथले लोक म्हणतात, राहा की, घाई काय हाय?

बायकोला हे पटेना. वाचता वाचता थांबली. "हे येडं हाय. दुपारच मोडत न्हाई तर मेंढरं चरतील कवा? उन्हापायी एकमेकीच्या पोटाखाली डोकं घालून जलमभर उभीच ऱ्हातील."

"लिहिणाऱ्याकडं मेंढरं नसतील."

"मग कोकरू कशाला आणलं मधी?"

हा खटला तिनं वर्गात गुरुजींपुढं मांडला. गुरुजी पोट धरून हसले, पण उत्तर चांगलं दिलं. लिहिणारा थंड मुलखातला होता, तिकडं महिना महिना ऊन दिसत नाही, आणि हे त्यानं त्याच्या आजारी लेकीला खाटेपाशी बसून सांगितलं, मागाहून लिहून काढलं. बायको तिथून आली ती थेट चुलीपाशी बसली. भाकरी थापताना म्हणाली, "तिला संध्याकाळी ताप चढत असंल. म्हणून बापानं संध्याकाळच काढून टाकली."

असं पुस्तकात कुठं लिहिलेलं नव्हतं. गुरुजींनीही सांगितलं नव्हतं. पण मी त्या दिवसापासून त्या माणसाला नावं ठेवली नाहीत.

ती गेल्यावर मला एका जागी बसवेना. जेवायला बसलो की उठायचो. वाडग्याकडं जायचो, तिथं काही काम नसायचं, परत यायचो. दिवस मावळायला आला की जास्तच. भावजय ताट वाढून म्हणायची, "भावजी, बूड टेका जरा. घाण्याच्या बैलावानी काय फिरायलाव?" मी तिला टाकून बोलायचो. पुस्तक दिवळीत होतं, धागा लोंबत होता. काढायचो, ठेवायचो. शेवटच्या धड्यात पोरगी घरी जाते का तिथंच राहते, एवढंच मला पाहिजे होतं, आणि तेवढंच कुणाला विचारवत नव्हतं.

दहावा झाला त्या दिवशी गुरुजी आले. जरा अवघडून म्हणाले, "मामा, पेटी बोरीला न्यायची आहे. उद्या दुपारच्या यष्टीनं. ते पुस्तक..." मग म्हणाले, "शेवटचा धडा राहिला म्हणून कळलं. मी वाचून दाखवू का?"

"नको."

"नुसतं काय होतं ते सांगू?"

"गुरुजी, तोंड बंद ठेवा!"

भावजय आतून ओरडली, "आवो, घरी आलेल्या माणसाला असं बोलतेत व्हय!" पण मी काय करणार? पुस्तकात जिथं आई लिहिलेलं, तिथं बायको माय वाचायची. ती पोरगी आमच्या गावची होऊन बोलायची. गुरुजींच्या तोंडून ती पुण्याची झाली असती. गुरुजी उठले. म्हणाले, "दुपारपर्यंत ठेवा. मी न्यायला येईन."

सकाळी उठलो तेव्हा मेंढरं ओरडायला लागली होती. सोडली नाहीत. पुस्तक घेतलं आणि धाग्यापाशी उघडलं. मुंग्यांची रांग. ह्या बाजूनं मी ती अक्षरं कधी पाहिलीच नव्हती. चिडून ते ती वाचायला बसायची त्या पोत्यावर टाकलं, ती धरायची तसंच उघडं पडलं. हाताला काहीतरी काम पाहिजे म्हणून चाती उचलली आणि माझ्या जागेवर, समोर बसलो.

आणि पानावरचा एक शब्द ओळखीचा निघाला. आई. तिचं बोट त्याच्यावर आलं की तोंडातून माय निघायचं, हे मी समोरून शंभरदा पाहिलं होतं. मग त्याच्या शेजारचा. इतक्या संध्याकाळी लोकर कातता कातता डोळे नुसते बसले नव्हते. अक्षरं उलटी, डोक्यावर उभी होती, आणि माझ्या बाजूनं ओळ उजवीकडून डावीकडं चालली होती, उर्दूसारखी. मला तशीच येत होती.

मी वाकलो, बोट ठेवलं. एकेका शब्दाला घाम फुटला, जोडाक्षरं कितीतरी सुटली. पण पहिल्या ओळीतच कळलं की त्या मुलखात सावल्या लांब व्हायला लागल्यात. सूर्य कलला होता. पोरगी घाबरली, आता उशीर होणार. कुंपणाच्या पलीकडून कुणीतरी तिला हाका मारत होतं.

मेंढरं वाडग्यात बोंबलत होती. भावजय दारापर्यंत येऊन गेली. मी धडा संपेपर्यंत उठलो नाही. मोठ्यानं वाचला, पुस्तकाचं तोंड तिच्या जागेकडं ठेवून, आणि जिथं जिथं आई आलं तिथं माय म्हणालो.