आटत्या डोहातली महसीर

त्या उन्हाळ्यात मी आणि माझ्या मार्गदर्शक मॅडम आजऱ्याच्या वरच्या अंगाला एका उपनदीत मासे मोजत हिंडत होतो. महसीर हा इथला अस्सल मासा. तो नदीत पुन्हा वाढवायचा, तर आधी कुठं टिकून आहे ते शोधायला हवं, एवढंच आमचं काम. पण जाळं वर ओढलं की निघायची चिलापीच. बाहेरून आलेला हा मासा, गढूळ पाण्यातही तगतो. जाळं झटकताना आम्ही दोघी एकमेकींकडं बघायचं टाळायला लागलो होतो.

आणि मग एका डोहात महसीर सापडली. वितीएवढी पिल्लं, अंगापेक्षा मोठे वाटावेत असे सोनेरी खवले. मॅडम एक पिल्लू ओंजळीत धरून त्यातच गुंतल्या. मी मात्र काठाकडं बघत होते. खडकांवर हातभर ओला पट्टा होता. म्हणजे पाणी नुकतंच तिथवर होतं. चहूबाजूंनी काळे पाईप डोहात उतरले होते आणि मोटारी चालू होत्या.

शेजारच्या उसात एक काकू पाणी पाजत होत्या. पाऊस येईपर्यंत मोटार बंद ठेवाल का, असं मी विचारलं.

"माशापायी? मग माझ्या उसानं काय प्यावं?"

मॅडमनी बादलीतलं पिल्लू दाखवलं. काकू बराच वेळ वाकून बघत राहिल्या.

"आमचं सासरं आणायचं ह्ये मासं. आता घावत न्हाईत." त्यांनी जाऊन खटका पाडला. "माझी झाली बंद. बाकीच्यांचं काय करशीला?"

बाकीच्यांकडं आम्ही बांधाबांधानं पळालो. कुणी गावाला गेलेलं, कुणाची मोटार लाईट आली की आपोआप सुरू होणारी. एकजण शांतपणे म्हणाला, "पावणं, ऊस वाळला तर तुम्ही भरून देणार हाय काय?" त्याचं काही चुकत नव्हतं.

दुपारपर्यंत पिल्लं पृष्ठभागावर येऊन तोंड उघडायला लागली. मासे हलवायची परवानगी मागायला मॅडमनी मत्स्य खात्यात फोन केला, तर उद्या अर्ज घेऊन या म्हणाले.

"उद्या इथं चिखल असेल," मॅडम म्हणाल्या आणि पाण्यात उतरल्या.

काजूची पोती वाहणारा एक टेम्पो मिळाला. तो चालवणारे चाचा आजऱ्याचेच. वर धरणाच्या पायथ्याला वाहतं पाणी होतं, तिथं मासे सोडायचे ठरलं. पकडलेली पिल्लं पाण्याच्या पिंपांत भरली आणि मी मागं त्यांच्याजवळ बसले. हवा सोडायच्या पंपाची बॅटरी वाटेतच गेली, म्हणून पाण्यात हवा मिसळावी यासाठी मी मगानं पाणी उंचावरून ओतत राहिले.

"चाचा, जरा हळू," मी ओरडले.

"हळू चालवलो तर उन्हात शिजतील. जोरात नेलो तर आपटतील. काय करू सांगा."

एकेक पिल्लू कलंडत होतं. मेलेलं पाणी नासवतं म्हणून ते उचलून बाहेर टाकायचं आणि पुन्हा मग भरायचा. हाताला गोळे आले तरी थांबायची भीती वाटत होती.

धरणाखाली पोचलो तेव्हा मोजकीच उरली होती. काही सोडताच दगडांत शिरली. एक पिल्लू मॅडमनी प्रवाहाकडं तोंड करून दोन्ही हातांत धरलं आणि त्या कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या.

"मॅडम, सोडा आता."

"थांब. हलतंय."

शेपूट हलत होती खरी, पण वाहतं पाणीच ती हलवत होतं. शेवटी चाचांनीच चपला काढल्या, पाण्यात जाऊन त्यांच्या कोपराला धरलं आणि त्यांना बाहेर आणलं.

आठवडाभरात डोहाचा तळ भेगाळला. काकूंची मोटार मात्र बंदच होती. त्यांच्या उसाची पानं पिवळी पडली होती, आणि त्यांनी डोहात राखलेलं पाणी बाकीच्या पाईपांनी ओढून नेलं होतं.

पाऊस संपल्यावर आम्ही धरणाखाली पुन्हा पुन्हा जाळी टाकली. चिलापी निघाली.

परवा काकूंचा फोन आला. "घावलं काय गं?"

"अजून नाही, काकू."

"म्हंजे मी उगंच बंद ठेवलो की मोटार."

त्यांच्या आवाजात राग नव्हता.