तापाची माळ

सिस्टर तेरेजा गेल्याचं मला कळमनुरीच्या बाजारात कळलं. "डोंगरकड्याची सिस्टरबाई गेली म्हनं आज सकाळी... तापानंच," भाजीवाली म्हणाली. हातातली पिशवी तिच्याकडेच टाकून मी बैलगाडी गाठली. त्याला महिना होत आला.

नवरा गेल्यावर मी त्यांच्या डोंगरकडा गावच्या दवाखान्यात नऊ वर्षं काढली. सिस्टर वसईच्या, आमच्या बायकांचं बोलणं त्यांना अर्धंच उमजे आणि त्यांचं बायकांना तेवढंही नाही. मध्ये बोलायला मी. जपमाळेची भक्ती गावोगाव न्यायची, हे त्यांच्या संघाचं व्रत. हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्यांबरोबर त्या एक लाकडी माळ देत आणि प्रत्येकीला सांगत, गोळ्या पुऱ्या करा, रोज माळ ओढून मरियामातेला हाक मारा, धीर येईल. दारात पन्नास बायका, एवढं पाल्हाळ कोण लावणार? मी उरकून टाकायचे, "माळ गळ्यात घाला, ताप उतरंल." बायका खूश. माळा बघता बघता संपू लागल्या, संघाच्या मदरची शाबासकीची पत्रं आली. खोटं कशाला बोलू, मलाही मिरवावंसं वाटे.

मग वाडीवरची धनगराची सखू दोन वर्षांचं लेकरू घेऊन आली. गोळ्या आणि माळ घेऊन गेली, ती आठ दिवसांनी परतली. लेकरू निपचित, गळ्यात माळ.

"गोळ्या दिल्यास?" सिस्टरनी विचारलं.

"न्हाई. कडू लागून राहिल्या त्याला, थुकत व्हतं. तुमीच सांगितलं ना बाई, माळ घातली की ताप उतरतो?"

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं... लेकरू दुपारपर्यंतही राहिलं नाही. सिस्टर सखूच्या पायाशी वाकल्या, म्हणाल्या, "माझं चुकलं." मला त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत, तेव्हाही आणि नंतरही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर त्यांनी रीतच बदलली. माळ गळ्यात घालायची नाही, हातात धरायची. एक गोळी, एक मणी, एकदा मरियेचं नाव. रझाकारांच्या धामधुमीतही त्या वाडीवाडीवर पायी जाऊन कोण कितव्या मण्यावर आहे ते बघत. आज तिकडच्या कितीतरी घरांत, देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या टाकाशेजारी ती माळ दिसते. संघाला वाटतं, भक्ती पसरली. पसरली खरी. ती कशापायी पसरली, हे दोघींनाच ठाऊक होतं, आणि त्यातली एक आता मातीखाली आहे.

माती द्यायला सखूही आली होती. माझा हात धरून रडली. "लई मोठ्या मनाची बाई. आपली चूक आपल्या तोंडानं कोन कबूल करतं?" मी मान डोलावली. तेवढंच केलं.

सखूला वाचता येत नाही. म्हणून तर हे लिहायचा मला धीर झाला.