उद्घाटनाचा हिरवा ड्रेस

आभा टिपणीसला कोणी कधी व्यासपीठावर बोलावलं नव्हतं आणि त्याबद्दल तिची काही तक्रारही नव्हती. दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कंपनीत ती एचआरमध्ये आहे. लोकांच्या रजा, व्हिसा, मेडिकल कार्डं बघते. मूळची पुण्याची, सहकारनगरची. नवरा शैलेंद्र मोठ्या इमारतींच्या एसीची कामं बघतो, मुलगी शुभ्रा दहावीत आहे. मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो, त्यामुळे पुढे सांगतोय त्यातलं बरंचसं मी पाहिलेलं आहे आणि उरलेलं आभाने स्वतः सांगितलेलं आहे. ती खोटं बोलत नाही. खोटं बोलायला लागते तेवढी कल्पनाशक्ती तिच्याकडे नाही, असं शैलेंद्र म्हणतो.

तिला नाद एकच होता. मॉलमध्ये सेल लागला की तिला नेमका तोच कपडा आवडायचा जो दुसऱ्या कोणाला आवडलेला नसायचा. म्हणूनच तो सेलमध्ये उरतो, हे शैलेंद्रने तिला अनेकदा समजावून पाहिलं. कपडा घरी यायचा, आरशासमोर एकदा अंगाला लावून बघितला जायचा आणि कपाटात जायचा. एक दिवस कपाटाचं दार लागेना. शैलेंद्रने खांदा लावला, तरी लागेना.

"यातलं तू घालतेस काय?" त्याने विचारलं.

"घालीन की."

"कधी?"

सोफ्यावरून शुभ्रा म्हणाली, "ममा, डोन्ट बाय एनीथिंग न्यू. जस्ट स्टाइल व्हॉट यू हॅव."

आभाला ते पटलं. तिला एखादी गोष्ट पटली की ती ऑफिसच्या पद्धतीने करते. सगळ्यात अवघड केस आधी. तिने कपाटातून हिरवा ड्रेस बाहेर काढला.

त्या ड्रेसबद्दल सांगायला हवं. रंग कच्च्या कैरीचा. डाव्या खांद्यावर त्याच कापडाचं एक फूल, चांगलं कोबीच्या गड्ड्याएवढं, त्यामुळे डावीकडे वळून बघायची सोय नाही. वरून अंगासरशी आणि गुडघ्याखाली एकदम घंटेसारखा फुललेला. आत कडक जाळी आणि काठाला वायर. "बाराशेचा चारशे दिरहमला मिळाला, म्हणजे नऊ हजार रुपये फक्त," असं तिने आणला तेव्हा सांगितलं होतं. त्यात बसता येत नाही, हे तिला घरी आल्यावर कळलं.

रविवारी सकाळी त्यांच्या हॉलमध्ये प्रयोग सुरू झाले. मी दुधाची बाटली मागायला गेलो होतो, मलाही बसवून घेतलं. काळं जॅकेट घालून पाहिलं, तर ती एखाद्या मोठ्या हॉटेलची कुंडी वाटायला लागली. मोत्यांची माळ घातली, तेव्हा शैलेंद्र उठून आत गेला. ओढणी घेतली, ती फुलात अडकली. शेवटी शुभ्राने ड्रेसच्या आत पांढरा, पूर्ण बाह्यांचा साधा शर्ट घालायला लावला, कमरेला शैलेंद्रचा झिजलेला तपकिरी पट्टा बांधला, पायात कॅनव्हासचे बूट, केस मागे घट्ट. आणि काय झालं कोण जाणे, ड्रेस एकदम शांत झाला.

"यू लुक लाइक समबडी," शुभ्रा म्हणाली.

"कोणासारखी?"

"आय डोन्ट नो. समबडी."

शुक्रवारी अर्धा दिवस ऑफिस असतं म्हणून आभाने शुक्रवार निवडला. गाडीत पुढे बसली तर शैलेंद्रला गिअर दिसेना, तेव्हा ती मागच्या सीटवर अर्धवट आडवी झाली. ऑफिसच्या टॉवरपाशी तिला उतरवून तो गेला. तळमजल्यावर नवी फार्मसी उघडत होती. फुगे, फीत, खजुराची ताटं आणि बरीच माणसं. आभाला पलीकडे लिफ्टपर्यंत जायचं होतं. एरवी ती अंग चोरून कडेने गेली असती, पण त्या ड्रेसला अंग चोरता येत नव्हतं. वायरचा काठ पुढच्या माणसाच्या पोटरीला लागला. त्याने वळून पाहिलं आणि तो बाजूला झाला. मग त्याच्या पुढचा झाला. असं करत गर्दी दोन्ही बाजूंना सरली आणि आभा सरळ फितीसमोर जाऊन उभी राहिली.

फार्मसीच्या मालकाने तिच्याकडे पाहिलं. ड्रेसकडे पाहिलं. हात जोडले.

"मॅडम, प्लीज. सब वेटिंग," असं म्हणून त्याने ताटातली कात्री पुढे केली.

"भाईसाब, मैं तो ऊपर एचआर में हूँ," आभा म्हणाली.

"हां हां मॅडम, बहुत मेहरबानी," तो म्हणाला.

मागून टाळ्या सुरू झाल्या होत्या. आभाला ऑफिसला उशीर होत होता. तिने फीत कापली. तिला फुलांचा गुच्छ मिळाला, खजुराचा डबा मिळाला आणि तिच्या हस्ते पहिलं पॅरासिटामॉल विकलं गेलं. खरे पाहुणे थोड्या वेळाने आले. ते साध्या पॅन्ट-शर्टात होते. गर्दीत मागे उभं राहून त्यांनीही टाळ्या वाजवल्या आणि एक सरबत पिऊन ते निघून गेले.

फोटो फार्मसीच्या इन्स्टाग्रामवर लागले. पुढच्याच आठवड्यात एका दातांच्या दवाखान्यातून फोन आला. त्यांनी फार्मसीकडून नंबर मिळवला होता. आभाने आपण कोणी नाही हे नीट, मुद्देसूद समजावून सांगितलं. पलीकडच्या बाईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण ड्रेस तोच ना, मॅडम?"

यानंतर आभा गुंतत गेली. दवाखाना झाला, केस कापायचं दुकान झालं, मग शिकवणीचे वर्ग. लोक तिला ग्रीन मॅडम म्हणायला लागले. ती कोण आहे हे कोणीच विचारत नव्हतं. एवढा ड्रेस घालून ही बाई इतकी निवांत उभी आहे म्हणजे कोणीतरी असणारच, असं बहुतेक लोक धरून चालत होते. ती निवांत नसायची. तिला बसता येत नसायचं.

खरं सांगायचं तर तिला ते आवडायला लागलं होतं. लिफ्टमध्ये मला म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा लोक माझ्यासाठी थांबतात हो."

एका चष्म्याच्या दुकानाला मात्र तिने वेगळं काहीतरी करून बघायचं ठरवलं. कपाटात चंदेरी चुण्यांचा एक स्कर्ट होता, तोही तितकाच अवघड. त्यावर तिने डेनिमचा ढगळ शर्ट घातला, कानात छोटे डूल, आणि फार छान दिसली. मी बघितलंय. दुकानात शिरल्यावर एका मुलीने तिला खुर्चीवर बसवलं, एक डोळा झाकला आणि समोरची अक्षरं वाचायला लावली. आभा वाचत गेली. नंबर अर्ध्याने वाढला होता. बाहेर मालक हातात कात्री घेऊन रस्त्याकडे बघत ग्रीन मॅडमची वाट बघत होते. आभाने त्यांना जाऊन सांगितलं, मीच ती. त्यांनी अदबीने तिला पुन्हा रांगेत बसायला सांगितलं. ती नवा चष्मा घेऊन घरी आली.

त्यानंतर नूरुद्दीनभाईंचं दुकान आलं. नूरुद्दीन आणि जैनब हे दापोलीकडचं जोडपं आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतं. नूरुद्दीनभाई दुबईच्या देरा भागात बॅगा आणि सूटकेसचं दुकान उघडत होते. निमंत्रण द्यायला दोघं टिपणिसांकडे आले, मीही तिथे होतो. जैनबने खोबऱ्याच्या वड्या आणल्या होत्या.

आभा ओशाळली. "नूरुद्दीनभाई, त्याच संध्याकाळी शुभ्राचं शाळेत भाषण आहे. तिथे नाही गेले तर ही माझ्याशी बोलायची नाही."

"आय वुडन्ट माइंड," शुभ्रा म्हणाली.

नूरुद्दीनभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. ते फार सभ्य गृहस्थ आहेत. छताकडे बघत ते म्हणाले, "आभाताई, मुलीचं आधी. तुमी नाय आल्यात तरी चालंल. ड्रेस तेवढा पाठवा."

जैनबने नवऱ्याच्या पायावर पाय दिला तो टेबलाखालून सगळ्यांना कळला.

"एकटा?" आभाने विचारलं.

"शेजारच्या अबाया-बुरखे विकणाऱ्या अबायावाल्याकडं पुतळा आहे. बोलून ठेवलंय मी त्याला."

ते गेल्यावर आभा बराच वेळ त्या वड्यांकडे बघत बसली. "म्हणजे मला बोलावतच नव्हते," ती म्हणाली. शैलेंद्र म्हणाला, "चष्म्याच्या दुकानात कळलं नाही का?" त्यावर ती आत जाऊन कपाट आवरायला लागली.

तरी ड्रेस तिने पाठवला. नुसता पाठवला असता तर झालं असतं, पण पट्टा कोणीतरी भलत्याच ठिकाणी बांधेल या विचाराने तिला राहवेना. त्या दिवशी दुपारी ती स्वतः देराला जाऊन पुतळ्याला शर्ट, पट्टा, बूट सगळं चढवून आली. पुतळ्याला डोकं नव्हतं. त्यामुळे फूल आणखी उठून दिसत होतं, असं ती म्हणाली.

शाळेत गेल्यावर कळलं की माइक बिघडल्यामुळे भाषणं पुढे ढकलली आहेत. शुभ्रा मैत्रिणींबरोबर गेली. आभा घरी परतली तेव्हा मी नूरुद्दीनभाईंकडे निघालोच होतो. ती म्हणाली, "मीही येते." ती साध्या सुती कुर्त्यात होती. मेट्रोने गेलो, तिला निवांत बसायलाही मिळालं.

दुकानासमोर चांगली गर्दी होती. फितीमागे हिरवा ड्रेस उभा होता आणि लोक त्याच्यापासून अदबीने अंतर राखून होते. आभा ड्रेसच्या शेजारी जाऊन उभी राहिली. यूनुस नावाचा फोटोवाला होता, तो म्हणाला, "आंटी, जरा साइड में. चीफ गेस्ट का फोटो है." आभा साइडला झाली.

मग अडचण लक्षात आली. पुतळ्याला कात्री धरता येईना. नूरुद्दीनभाईंनी ती त्याच्या मनगटाला दोऱ्याने बांधून पाहिली. मग फीतच कात्रीजवळ आणली. कात्री उघडी होती, ती मिटायला कोणी नव्हतं. दुसऱ्या कोणी कापावी असं एकाने सुचवलं, ते लोकांना आवडलं नाही. पाहुणे असताना दुसऱ्याने का कापायची?

नूरुद्दीनभाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर आभावर पडली. ते तिच्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "आभाताई, तुमचाच शर्ट आहे. बाही तुमाला बरोबर बसंल."

पुतळ्याचा उजवा हात खांद्यापासून फिरवून काढण्यात आला. तो जैनबने काउंटरवर ठेवला, तर एका आजोबांनी येऊन त्याच्याशी हस्तांदोलन केलं. आभा ड्रेसच्या मागे वाकून उभी राहिली आणि तिने आपला हात रिकाम्या बाहीत घातला. पुढून ती कोणाला दिसत नव्हती. तिलाही पुढचं काही दिसत नव्हतं, फुलाची मागची बाजू तेवढी दिसत होती. नूरुद्दीनभाईंनी तिच्या बोटांत कात्री दिली, मनगट धरून फितीवर नेलं आणि म्हणाले, "यल्ला, बिस्मिल्ला."

फीत कापली गेली. टाळ्या झाल्या. यूनुस म्हणाला, "मॅडम, हाथ थोडा ऊपर," आणि ड्रेसने हात थोडा वर केला.

तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, पाहुण्यांनी दोन शब्द बोलावेत. सगळे शांत झाले. नूरुद्दीनभाईंचा चेहरा उतरला. मी आभाकडे पाहिलं, ती माझ्या बाजूला ओणवी झालेली होती, हात बाहीत. आजवरच्या एकाही उद्घाटनात ती धन्यवाद यापलीकडे काही बोललेली नव्हती. लोक तोंडाकडे बघत असले की तिचे शब्द अडकतात. आता तिच्याकडे कोणीच बघत नव्हतं.

ती बोलली. गल्फला येताना आपण बॅगेत काय भरून आणतो आणि परत जाताना काय नेतो, असं काहीतरी साधंच. आईने पहिल्या वेळी लोणच्याच्या बरणीभोवती गुंडाळलेला टॉवेल अजून घरात आहे, हे सांगितलं. वजन जास्त झालं म्हणून विमानतळावर बॅग उघडावी लागते तेव्हा पाठीमागच्या रांगेला आपलं सगळं आयुष्य दिसतं, हेही सांगितलं. "नूरुद्दीनभाईंच्या बॅगांच्या चेन तुटू नयेत," असं म्हणून तिने संपवलं. जैनबने ओढणीने डोळे पुसले. मागची दोन माणसं एकमेकांना म्हणाली, "मराठी किती साफ आहे पाहुण्यांचं."

आभा पाठ धरून सरळ झाली. आम्ही आतल्या खोलीत सगळे बिर्याणी खायला बसलो. ड्रेस बाहेर लोकांबरोबर फोटो काढत होता.

"वाईट वाटलं का?" मी विचारलं.

"वाटत होतं. बाहीत हात घातला तेव्हा राहिलं नाही. तुम्ही म्हणाल काय बाई आहे, पण इतकं मोकळं मला मराठी मंडळातही कधी वाटलं नाही." मग तिने रस्सा मागितला.

ड्रेस तिने नूरुद्दीनभाईंकडेच ठेवला. तो आता पुतळ्यासकट उद्घाटनांना जातो. नूरुद्दीनभाई त्यांच्या बॅगांच्या गाडीतून त्याला उभ्यानेच नेतात. फीत कापायला अबायावाल्याचा माणूस जातो. भाषण मात्र कोणी करत नाही. एक-दोघांनी फोन करून पाहुण्यांचा आवाज मिळेल का असं विचारलं, तेव्हा आभाने आवाज बसलाय म्हणून सांगितलं. हे तिचं मला माहीत असलेलं पहिलं खोटं.

कपाटाचं काम तिने सोडलेलं नाही. परवा ती लिफ्टमध्ये भेटली. अंगात काळा, घोट्याशी आवळलेला, मासोळीच्या शेपटीसारखा स्कर्ट होता. त्यात वीतभराच्या पावलानेच चालता येतं. वर शैलेंद्रचा चौकड्यांचा शर्ट, पुढे गाठ मारलेला, पायात सपाट चपला.

"याला तीन रविवार गेले," ती म्हणाली. "काल सुपरमार्केटला घालून गेले होते. काउंटरवर एक माणूस माझ्या पुढे घुसला. वॉचमन म्हणाला, ट्रॉली वहाँ नहीं, इधर लगाओ. कोणी वळूनसुद्धा बघितलं नाही."

तिचा चेहरा समाधानाने फुलला होता. सहावा मजला आला. तिने मला आधी बाहेर पडू दिलं, कारण तिला वेळ लागणार होता.