दोन सखूबाई आणि एक कोरा रकाना

मी छत्रपती संभाजीनगरला एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. काल कन्नडच्या डोंगरातल्या भिल्ल वस्तीवर आमचं शिबिर होतं. गरोदर बायकांचं रक्त मी घेतलं. संध्याकाळी निकाल आले, तेव्हा एका सखूबाईचं हिमोग्लोबिन फक्त सहा होतं.

यादीत सखूबाई दोन होत्या (नाव बदललंय). दोघींच्याही नवऱ्याच्या नावाचा रकाना कोरा होता, त्यामुळे सहा कोणाचं ते कळेना. विचारल्यावर त्या नुसत्या हसल्या होत्या आणि मी घाईत पुढच्या बाईकडे वळले होते. चूक माझी.

आज सकाळी पुन्हा वर गेले. वस्तीवरच्या आशाताई म्हणाल्या, "मॅडम, नवऱ्याचं नाव त्या घेत नायत. शेजारणीला विचारायचं असतं."

दोघींची तपासणी पुन्हा केली. मला वाटलं होतं, रक्त कमी असलेली दोघींतली बारीक सखू असेल. निघाली दुसरी, मोहाच्या फुलांची पाटी डोक्यावर घेऊन आलेली.

"मला काय झालंय? लई काम करते मी!"

आशाताईंनी तिची पापणी खाली ओढून आरशात दाखवली. आतून पांढरी होती. मग ती आमच्या जीपमध्ये बसली. शेजारीण रखमाही सोबत आली.

रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर विचारलं, "नवऱ्याचं नाव?" सखूनं रखमाला कोपर मारलं. रखमानं नाव सांगितलं आणि वर म्हणाली, "माझ्या बारीला तू सांग मंग."

दुपारी सखूला रक्त चढायला लागलं. आत्ता तिला बरं वाटतंय.

तुमच्या कामात असा कोणता रकाना कोरा राहतो? आणि तेव्हा तुम्ही कोणाला विचारता?