वहिनीला न सोसलेल्या कुड्या

वहिनी आज पहाटे गेली. तिला मी मारलं.

डॉक्टरांनी हार्ट अटॅक लिहून दिलाय. तो आजचा. मी म्हणतेय ते मारणं पंचवीसेक वर्षांपूर्वीचं.

कमेंटमध्ये हात जोडायच्या आधी सगळं वाचा.
पूजा, तू तर वाचच. तुझ्या आईचं आहे.

कारेगावची आमची जमीन कंपन्यांसाठी गेली आणि पैसा आला, तेव्हा गावात रोज एक नवी गाडी यायची. माझ्या दादानं गाडी घेतली नाही. तो बायकोला घेऊन पुण्याला गेला, हिऱ्यांच्या पेढीवर.
मी मागं लागून गेले. माझं लग्न व्हायचं होतं, मला सगळ्यातच नाक खुपसायचं असायचं.

पाच पिढ्यांची पेढी. चपला बाहेर, आत पांढरीशुभ्र गादी, भिंतीवर पगडीवाले पणजोबा. चहा चांदीच्या कपात.
शेठजी हिरा खिडकीपाशी नेऊन दाखवायचे. म्हणायचे, "दिव्याखाली काचपण चमकते."

वहिनी निमोण्याची. कानात लग्नातली सोन्याची फुलं, झिजून पातळ झालेली.
शेठजींनी सात हिऱ्यांच्या कुड्या तिच्या तळहातावर ठेवल्या, तर ही हातच हलवेना.

"घाला की."
"पडल्या म्हंजी?"

शेठजी हसले नाहीत. मी हसले. दुकानभर ऐकू जाईल असं.

कुड्या घालून तिनं आरशात बघितलं आणि दादाला विचारलं, "ह्या माझ्या हायत?"
इतकी सुंदर दिसत होती की मला तिचा रागच आला.

पेढीची जुनी रीत होती. हिरा आधी आठ दिवस घरी न्यायचा. सोसला तर आपला. घरात काही वंगाळ घडलं तर बिनबोभाट परत.

पाचव्या दिवशी मला बघायला भांडगावची माणसं आली.
मी म्हणाले, "वहिनी, कुड्या दे." तिनं लगेच काढून स्वतःच्या हातानं माझ्या कानात घातल्या. फिरकी घट्ट बसली का, दोनदा बघितलं.

आतल्या खोलीत मुलाच्या आईनं विचारलं, "कुड्या पोरीच्याच ना?"
"माझ्याच," मी म्हणाले. "दादानं मलाच केल्यात."
वहिनी चहाचा ट्रे घेऊन शेजारी उभी होती.

पण निघताना आमच्या आईला राहवलं नाही. दारातच तिनं त्या बाईला सांगितलं, "सुनंला पुण्याहून हिऱ्याच्या कुड्या आणल्यात आम्ही. बघितल्या का पोरीच्या कानात?"

दोन दिवसांनी मध्यस्थ मामा आले. मी फाटकाशीच होते.
"पोरी, नकार हाय. पोरगी खोटं बोलती म्हणत्यात. आता तुझ्या आईला काय सांगू?"
"मीच सांगते," मी म्हणाले.

आणि घरात जाऊन सांगितलं, "नकार आला. वहिनीच्या हिऱ्यानं माझं जमलेलं मोडलं."

कान माझे, जीभ माझी. पण हिरा तिच्या नावानं घरात आला होता, म्हणून दोष तिचा. आईनं एका मिनिटात मान्य केलं. दादा गप्प बसला. तो आजही गप्पच आहे, ते त्याला छान जमतं.

वहिनीनं फक्त माझ्याकडं बघितलं. तिला कळलं होतं.

परत द्यायलाही मी बरोबर गेले. ती तोंड उघडेल अशी भीती होती.
शेठजींनी विचारलं, "सोसला नाही?"
तिनं माझ्याकडं बघितलं. एक शब्द बोलली असती तर मी संपले असते.
"न्हाई सोसला," म्हणाली.

हिरा न सोसलेली बाई. मग काय, गावाला विषयच मिळाला. हळद लावताना, ओटी भरताना कुणीतरी हळूच म्हणायचं, "तू नको गं, तू चहाचं बघ." पुढं दुसरीकडं माझं जमलं. माझ्या हळदीलासुद्धा ती चहाचं बघत होती.

त्याआधी माझ्या सासरच्यांनी मला त्याच पेढीवर नेलं. शेठजींनी जोड दाखवला आणि म्हणाले, "हा एकदा परत आलेला आहे. सांगून देणं आमचा धर्म."
मी ओळखला. डाव्या कुडीचा खालचा खडा जरा पिवळसर.
दुसरे दहा जोड होते. मी तोच घेतला.

लग्नात वहिनीनं माझ्या कानाकडं बघितलं. तिनंही ओळखल्या.
"लई छान दिसत्यात, ताई."

मला सोसल्या बरं का. दौंडला घर झालं, मुलं शिकली, सगळं झालं.

तिनं मात्र कानात पुन्हा काही घातलं नाही. फक्त कडुलिंबाची काडी. भोक बुजू नये म्हणून.
एकदा मी विचारलं, "कशाला ठेवतेस काड्या?"
"राहू द्या. कवातरी घालीन की."

आज तिला आंघोळ घातली, तेव्हा काड्या कानातच होत्या.
मी त्या काढल्या. माझ्या कुड्या उतरवल्या आणि तिच्या कानात घातल्या. फिरकी घट्ट बसली का, दोनदा बघितलं. बायका म्हणाल्या, "नणंद असावी तर अशी."

मग पूजा आली. तिनं आईच्या कानातल्या कुड्या काढल्या आणि माझ्या हातात ठेवल्या.

"नको आत्या. आईला सोसत नाहीत."

पोरी, तिला सोसल्या होत्या. पाच दिवस. त्या पाच दिवसांत तुझी आई स्वयंपाक करताना गुणगुणायची. ते मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

हे तिथंच, सगळ्या बायकांसमोर बोलायला हवं होतं. मी कुड्या मुठीत धरून उभी राहिले आणि माणसं तिला घेऊन गेली.

वहिनी, तुझे कान मोकळेच गेले गं. श्रद्धांजली वाहायचं तोंड मला नाही. बाकीच्यांनी वाहा.