तव्यावरच्या भाकरीचा प्रश्न

आजी साठीनंतर भाकरी का शिकली, असं तुम्ही दोघांनी व्हिडिओ कॉलवर हसत विचारलंत. तेव्हा मी विषय बदलला. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

माझं शिक्षण इंग्रजीतून झालं. सोलापूरच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजीच शिकवलं; शेवटच्या काही वर्षांत मात्र नववीचं मराठीही माझ्याकडे आलं. कथेतली अलंकारिक भाषा कशी उलगडायची, याची माझी पद्धत ठरलेली होती. फळ्यावर तीन रकाने आखायचे. कशाला म्हटलं, कशासारखं म्हटलं, त्यातून काय सुचतं. मुलींच्या वह्या इतक्या नीटनेटक्या असत की तपासायला आलेले साहेब त्या इतर शिक्षकांना दाखवत.

वर्गात कुंभारीहून येणारी एक मुलगी होती. आई विड्या वळायची, घरचा स्वयंपाक हिच्याकडे. दुसऱ्या बाकावर बसायची आणि प्रश्न फार विचारायची. वडिलांनी अट घातली होती, नववीला साठ टक्के पडले तर दहावी, नाहीतर घरी. हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. मलाही.

वार्षिक परीक्षेत मी एका नव्या नवरीच्या गोष्टीतला उतारा दिला होता. त्यात वाक्य होतं, ‘सासरी ती तव्यावरच्या भाकरीसारखी होती.’ अर्थ उलगडा, गुण चार. माझ्या उत्तरसूचीत तयार उत्तर होतं: उपमा, सासरचे चटके, असहायता.

तिनं लिहिलं होतं, ‘भाकरीला चटका लागतोच, त्यानं ती बिघडत नाही. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी लावतात. ते पार सुकायच्या आत कोणीतरी तिला उलटावं लागतं, नाहीतर तडे जातात. हिला उलटणारं घरात कोणी नाही. म्हणून वाचताना भीती वाटते.’

मी लाल शाईनं लिहिलं, ‘स्वयंपाकाची कृती विचारलेली नाही.’ आणि एक गुण दिला.

पेपर दाखवायच्या दिवशी ती शिक्षकांच्या खोलीत आली. एकूण बेरजेत साठ टक्क्यांना दोन गुण कमी पडत होते.

“बाई, ह्या उत्तराला अजून दोन मिळतील का? मी चुकीचं न्हाय लिवलं.”

“मागून गुण मिळत नसतात.”

“मागत न्हाय बाई. तुमी परत एकदा वाचा की.” मग खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं तिनं विचारलं, “बाई, तुमी कधी भाकरी केलीय का?”

शेजारच्या टेबलावरचे भूगोलाचे सर मोठ्यानं हसले. “घ्या बाई, आता तुमचीच तोंडी परीक्षा!”

सगळे हसले. मला राग आला. आपल्याकडे भाकऱ्या करायला मावशी यायच्या, मी कधी पिठाला हात लावला नव्हता. मी पेपर मिटला आणि म्हटलं, “जा वर्गात.”

जूनमध्ये तोच वर्ग दहावीला माझ्याकडे आला, पण ती आली नाही. हजेरीपटावर मी तिच्या नावावर रेघ मारली, सरळ, पट्टीनं.

निवृत्तीनंतर मावशींचे गुडघे गेले आणि त्यांनी काम सोडलं. एका दुपारी मी स्वतः भाकरी थापायला बसले. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. तेवढ्यात तुमच्या आईचा फोन आला. बोलून वळले तर पाणी सुकून गेलं होतं आणि भाकरीला मधोमध तडा गेला होता. मी गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून कुंभारीला गेले. विचारत विचारत त्या मुलीचं घर सापडलं. तिची आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. तिनं मला ओळखलं, बसायला पोतं टाकलं. “पोरीचं लगीन झालं की बाई, दोन वरसं झाली. माळशिरसकडं दिलीय. एक लेकरू हाय.” तिच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

तिनंच फोन लावून माझ्या हातात दिला. मी घाईघाईनं सांगून टाकलं, “तुझं उत्तर बरोबर होतं. चारपैकी चार. मला कळलं नाही, मी चुकले.”



“राहू द्या की बाई,” ती म्हणाली. मग हळूच, “धावीला माझ्या जागंवर कोण बसलं व्हतं?”

खोटं सांगावंसं फार वाटलं. पण पहिल्याच दिवशी मागच्या रांगेतली एक मुलगी उचलून मी तिथे बसवली होती, रांग तुटलेली मला चालत नसे. तेच सांगितलं.

“बरं केलं,” ती म्हणाली. “मला वाटायचं, रिकामीच असंल.”

मागे बाळ रडायला लागलं आणि तिनं फोन ठेवला.